चिरंजीवांना कॉलेज दाखवण्याचा प्रयोग

उद्देश : दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीची पहिली यादी लागेपर्यंतच्या दिवसांत चिरंजीवांना कॉलेजच्या आवाराची ओळख करून देणे. (कन्या असेल तर वाचताना क्रियापदं बदलून घ्यावीत. कृती तीच.) हा झाला वहीत लिहायचा उद्देश. मनातले उद्देश पालकागणिक वेगळे. जे त्या कॉलेजात शिकले त्यांना आपण कुठल्या बाकावर बसायचो ते दाखवायचं असतं, आणि ज्यांना तिथे प्रवेश मिळाला नव्हता त्यांना चिरंजीवांच्या गुणपत्रिकेवर तो दरवाजा एकदाचा ओलांडायचा असतो. दुसऱ्या गटातले पालक जास्त वेगाने चालतात.

साहित्य : प्लॅस्टिकचं फोल्डर एक. त्यात गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स. २०२५ पासून सबंध महाराष्ट्रात अकरावीचा अर्ज ऑनलाइन भरायचा झाला आणि हे सगळे कागद घरबसल्या अपलोड होतात. तरी फोल्डर न्यावंच, कारण फोल्डर नसलेला पालक सिक्युरिटीला पालक वाटत नाही. पाण्याची बाटली, छत्री, पेन. चिरंजीव एक. हे शेवटचं साहित्य बरेच जण घरी विसरतात. चिरंजीवांना फाउंडेशनच्या बॅचला पोचवून आई-वडील दोघंच कॉलेज बघून येतात, आणि रात्री जेवताना ‘आम्हाला आवडलं’ असं सांगतात.

स्थळ : नवशिक्यांनी सुरुवात पुण्यातल्या फर्ग्युसनपासून करावी. सापडायला सोपं आहे आणि आत झाडं आहेत. बाहेरगावहून येणाऱ्यांनी स्वारगेटला एसटीतून उतरून मेट्रो धरावी, जिल्हा न्यायालयाला मार्ग बदलावा आणि डेक्कनला उतरावं. शिवाजीनगरच्या जुन्या स्टँडवर उतरू, हा वडिलांचा बेत मोडून काढावा. तो स्टँड मेट्रोच्या कामापायी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेला. वडिलांच्या आठवणीतल्या पुण्याला असे बरेच धक्के बसणार आहेत. पहिला धक्का प्रवासातच बसलेला बरा.

आता कृती. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, फोन, वेळ लिहून ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात ‘प्रवेश’ असं लिहावं. ‘कॅम्पसचा फील घेणे’ असं लिहिल्यास सही मिळत नाही.

आत शिरल्यावर साधारण दहा पावलांत वडिलांच्या तोंडून १८८५ हे साल बाहेर पडतं. त्यामागून टिळक, आगरकर, डेक्कन एज्युकेशन सोसायटी. शब्दकोशकार वामन शिवराम आपटे इथले पहिले प्राचार्य, आगरकर त्यांच्यानंतरचे, रँग्लर परांजपे त्यांच्याही नंतरचे. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १२०० रुपये दिले आणि त्यांचं नाव लागलं, हे सांगून झालं की ‘तेवढ्यात आता एक महिन्याचा क्लास येत नाही’ ही टीपही येते. सगळं खरं आहे. मात्र हे सगळं इतिहासाच्या पेपरानंतर दोन-तीन महिन्यांच्या आत कानावर पडतंय, याचा विचार व्हावा. चिरंजीवांनी इतिहास हा विषय नुकताच परीक्षेत लिहून मोकळा केलेला असतो.

याच सुमारास चिरंजीव पुढे निघून जातात. घाबरू नये. चिरंजीव आणि पालक यांच्यातलं अंतर आवाराच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतं, हे या प्रयोगातलं अपेक्षित निरीक्षण आहे. आईने हाक मारून ते कमी करू नये. घरातल्या नावाने तर नाहीच. ‘पिंट्या’ ही हाक आवारात एकदा घुमली की पुढची दोन वर्षं ती तिथेच राहते.

आता सगळ्यात लोकप्रिय चूक. समोरून एखादा मुलगा सॅक अडकवून येतो. त्याला थांबवलं जातं. ‘काय रे बाळा, इथेच का? कुठल्या वर्षाला? गाव कुठलं? दहावीला किती होते? क्लास कुठला लावलायस? मग बारावीला एवढे कमी कसे?’ मुलगा बिचारा उत्तरं देतो, कारण विचारणाऱ्याच्या हातात फोल्डर असतं. अनोळखी मुलाला वाटेत अडवून नाव, गाव, टक्के विचारायचे आणि उत्तर ऐकून मान हलवायची, याला कॉलेजात वेगळं नाव आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. पुढे पदवीला प्रवेश घेताना ‘आमचा पाल्य असं काही करणार नाही’ असं हमीपत्र पालकालाही भरून द्यावं लागतं. पाल्य सहसा करत नाही.

आता ज्या आवाराची ‘ओळख’ आपण करून देतोय त्याकडे एकदा नीट बघावं. निकाल लागलेला आहे, नवे वर्ग सुरू व्हायचे आहेत. खिडकीपाशी रांगेत कोण आहेत? पालक. नोटीस बोर्डाचा फोटो काढतायत ते? पालक. कॅन्टीनमध्ये चहा पिऊन ‘बरा आहे’ म्हणणारे? पालकच. विद्यार्थी नावाचा प्राणी जवळजवळ नाही. चिरंजीवांची समजूत होते की कॉलेज म्हणजे मध्यमवयीन माणसांनी प्लॅस्टिकची फोल्डरं धरून हिंडायची जागा, आणि त्या दिवसापुरती ती चुकीची नसते. म्हणून प्रवेशाच्या दिवसांत कॉलेज दाखवू नये असं माझं मत आहे. दाखवायचंच तर दहावीत असतानाच, जानेवारी-फेब्रुवारीच्या एखाद्या साध्या मंगळवारी दाखवावं. सिक्युरिटी आत सोडणार नाही? मग समोरच्या फुटपाथवर उभं राहावं. वर्ग सुटल्यावर कोण कोणाबरोबर बाहेर पडतं, भांडणं कशावरून चालतात, मास्तरांशी बोलताना मुलं कशी उभी राहतात, हे गेटबाहेरूनही दिसतं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली हॉटेलात टेबल मिळेपर्यंत ताटकळताना तर फार चांगलं दिसतं.

याहून सोपा मार्ग सदाशिव पेठेत आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा घेते. ऑगस्टच्या आसपास भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेऱ्या असतात. तिकीट काढावं, चिरंजीवांना मागच्या रांगेत बसवावं आणि आपण त्यांच्यापासून लांब बसावं. पडदा उघडण्याआधी ‘आव्वाज कुणाचा’ सुरू झालं की कुठल्या कॉलेजचा घसा किती मोकळा आहे ते कळतं. कोण दुसऱ्याच्या चांगल्या एकांकिकेला टाळ्या वाजवतं तेही कळतं. ही माहिती कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापत नाहीत.

निरीक्षणे : पालकांनी काय बघावं, हेही सांगितलं पाहिजे. दिवसाची बहुतेक निरीक्षणं वाया जातात ती कॅमेरे किती आणि कट-ऑफ किती यांत. कट-ऑफ घरी बसून दिसतो. इथे येऊन स्वच्छतागृहात जावं. तिथे पाणी आहे का, मुलींच्या बाजूच्या कड्या लागतात का, हे बघून यावं. ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते दारावर वाचावं. शेवटचं प्रॅक्टिकल संपल्यावर घरी जायला बस कुठली, हे बसस्टॉपवर उभं राहून पाहावं. एवढं पुरे. यातलं काहीही चिरंजीव बघणार नाहीत. त्यांनी बघितलेलं वेगळंच असतं. कुणाच्याही अंगावर गणवेश नाही. कुणीतरी पायऱ्यांवर एकटंच बसलं होतं आणि त्याला कुणी ‘का बसलास?’ विचारलं नाही. ही नोंद ते तुम्हाला सांगणार नाहीत. ती काढून घेण्यासाठी रिक्षात प्रश्न विचारू नयेत.

बारावीच्या पालकांसाठी वेगळी सूचना. सीईटीचा निकाल लागण्याआधी पुण्याचं अभियांत्रिकीचं सीओईपी दाखवायला नेऊ नये. १८५४ ची परंपरा, नदीकाठचा बोट क्लब, १९२८ पासूनची रिगाटा, हे सगळं एकदा डोळ्यांत भरलं की उरलेल्या आयुष्यातलं प्रत्येक कॉलेज फिकं दिसतं. तिथे जायला लागणारं पर्सेंटाइल मात्र बोटीतून मिळत नाही.

हेच दहावीलाही लागू आहे. नावाजलेलं कॉलेज बघायला सगळं घर जातं. अर्जात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर टाकलेल्या कॉलेजकडे कुणी फिरकत नाही, आणि अनेकांची दोन वर्षं जातात ती तिथेच. ते कॉलेज आधी बघावं. त्याचं कॅन्टीन छोटं असेल, पण तिथल्या बाईंना मुलांची नावं पाठ असण्याची शक्यता जास्त.

दक्षता : प्राचार्यांच्या केबिनबाहेर ‘ओळख’ काढू नये. ‘आमच्या वेळी’ हे शब्द दिवसातून एकदाच वापरावेत आणि तेही खाण्याच्या भावाबद्दल. कॉलेजशी ‘टाय-अप’ असलेल्या क्लासचे चालक ‘कॉलेजला जायची गरजच नाही, हजेरीचं आम्ही बघतो’ असं सांगतील. तसं ठरत असेल तर वरचा सगळा प्रयोग रद्द समजावा. चिरंजीवांना क्लासचा जिना दाखवून आणावा आणि आवारातल्या झाडांची आशा लावू नये.

शेवटची पायरी, आणि ही एकट्याने जमत नाही, दोन्ही पालक लागतात. गेटपाशी पोचल्यावर चिरंजीवांच्या हातात थोडे पैसे द्यावेत, ‘तासाभराने भेटू’ म्हणावं आणि पलीकडच्या अमृततुल्यात जाऊन बसावं. एकाने दुसऱ्याचा फोन काढून घ्यावा. तासाचे दोन तास झाले तर आणखी एक कटिंग मागवावं.

घरी आल्यावर पसंतीक्रम भरायचा असतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. तेव्हा पहिल्या क्रमांकावर काय टाकायचं ते चिरंजीवांनाच टाकू द्या. ओटीपी तुमच्या फोनवर येईल. तो तेवढा त्यांना वाचून दाखवा.