सहावी-बचे पप्पा

नालवाडीत त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. ते 'सहावी-बचे पप्पा'. मागच्या वर्षी 'पाचवी-बचे पप्पा' होते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्या दिवशी त्यांना बढती मिळते. एका वर्षी मुलीची तुकडी बदलून 'अ' झाली, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पटसंख्येचा मेळ घालायला पोरं इकडची तिकडे केली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पेढे चांगले होते.

पोटापाण्यासाठी ते विम्याची कामं करतात म्हणे, पण त्यांच्या तोंडून 'पॉलिसी' हा शब्द मी तरी ऐकलेला नाही. सकाळी दुधाची पिशवी घेताना गाठ पडली की, "काय म्हन्ता भाऊ, यंदा आम्हाले इतिहास जड चालला!" चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाला इतिहास कशाने जड जातो, या विचारात नवा माणूस घरापर्यंत जातो. 'आम्ही' म्हणजे मुलगी, हे आम्हा जुन्यांना पाठ आहे. गॅदरिंगमध्ये 'आम्ही' झाड होतो. त्या झाडाचे इतके फोटो स्टेटसला पडले की भोवतालचं वर्तुळ शिवणयंत्राच्या टिपेसारखं तुटक-तुटक दिसत होतं. खाली ओळ होती : 'वीस मिनिटं झाड हललं नाही.'

आता हे गाव कोणतं, ते लक्षात घ्या. १९३८ साली पवनारला जाण्याआधी विनोबांचा मुक्काम याच नालवाडीत होता. स्वतः सूत कातायचं, हा त्यांचा नेम. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम बांधला. मुलाने मातृभाषेत शिकावं आणि हाताने काम करत शिकावं, असं ते सगळं होतं. सहावी-बच्या घरात हे तत्त्व आजही तंतोतंत पाळलं जातं. फक्त हात पप्पांचे असतात. पवनचक्की त्यांनी केली, जलचक्र त्यांनी केलं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून केलेला ज्वालामुखी गच्चीवर तालमीतच फुटला आणि लाव्हा शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर गेला. त्यांच्या बोटांना बारा महिने फेव्हिकॉलचे पापुद्रे असतात. बोलता बोलता ते सोलत राहतात. मुलीची बोटं स्वच्छ. ती बाजूला बसून चिंचा खाते आणि "पप्पा, वाकडं झालं" एवढं सांगते.

यंदा सहल निघाली अलिबागला. आमच्याकडे पाणी म्हणजे पवनारची धाम, फार तर बोर धरण. वर्ध्याहून मुंबईच रेल्वेने साडेसातशे किलोमीटर, पुढे गेटवेवरून मांडव्याची बोट. त्यामुळे जाणार चाळीस पोरं, पण तयारीत उभं गाव. मुलीच्या बॅगेत उलटीच्या गोळ्या, शिट्टी आणि गोरसपाकचे दोन डबे. एक मैत्रिणींसाठी, दुसरा बोटवाल्यासाठी. "ओळख असलेली बरी," पप्पा म्हणाले.

गाडी बडनेऱ्याच्या पुढे गेली नसेल, तोच टपरीवर समुद्राचं वर्णन सुरू झालं. लाटा दोन पुरुष उंच. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. तिसऱ्या दिवशी बाईंनी एक फोटो पाठवला. पप्पांनी तो दोन बोटांनी ताणून ताणून दाखवला : "ही टोपी दिसते ना, ते आम्ही." मला टोपी दिसली. समुद्र दिसला नाही.

परतीच्या दिवशी स्टेशनावर निम्मी गल्ली हजर. मुलगी अर्धवट झोपेत उतरली. पप्पांनी सर्वांसमक्ष विचारलं, "सांग बेटा, समुद्र कसा होता?"

"नव्हता."

"नव्हता म्हंजे?"

"मागं गेला होता. आम्ही चिखलातून चालत किल्ल्यावर गेलो. घोडागाडी पण होती. किल्ल्यात विहीर आहे, तिचं पाणी गोड लागते."

"अन् लाटा?"

"दूर होत्या."

दुसरा कुणी असता तर चार दिवस टपरीकडे फिरकला नसता. पप्पांनी एका रात्रीत ओहोटी आत्मसात केली. सकाळी दूधवाल्याला अडवलं : दिवसातून साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी, कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं ते ओहोटीलाच, आणि वेळ रोज पुढे सरकते, कारण चंद्रच रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो. "म्हंजे माह्यापेक्षा बरा," दूधवाला म्हणाला. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार, त्यांच्या विजेने चुंबकाचे वेध बिघडणार, म्हणून तिथली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली आणि १९०४पासून तिकडे नोंदी सुरू झाल्या, ही माहिती त्यांनी मला एका तेरवीच्या पंगतीत, दुसरी बुंदी वाढेपर्यंत दिली. चौकशी केल्यावर कळलं, वेधशाळा आली तेव्हा मुलगी बसमध्ये झोपली होती.

स्वतः पप्पांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांच्या वेळची सहल म्हणजे सेवाग्राम आणि पवनार, डब्यात पोळी-ठेचा, संध्याकाळी घरी. म्हटलं, सुटीत तुम्हीच एकदा सगळ्यांना घेऊन जाऊन या. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "सुटीत कसं जमते भाऊ? आमची सातवीची तयारी आहे."

पुढच्या आठवड्यात शाळेने निबंध दिला : 'मी पाहिलेला समुद्र.' तो पप्पांनी एका बैठकीत लिहिला. निळेशार पाणी, उसळत्या लाटा, क्षितिजावर सूर्याचा लाल गोळा. चिखल आणि घोडागाडी भाषेला शोभत नाहीत म्हणून गाळली. मुलीने मुकाट्याने सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. वही तपासून आली, खाली बाईंचा लाल शेरा : 'निबंध छान. पुढच्या वेळी मुलीला लिहू द्यावा.'

त्या संध्याकाळी स्टेटसला शेरा झळकला. दुसरं वाक्य कापलेलं होतं. मी अंगठा पाठवला, लगेच उत्तर आलं, "मेहनत केली होती भाऊ आम्ही."