बर्फात सरकी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही परभणी जिल्ह्यातली माणसं इतक्या ठसक्यात सांगतो, की 'म्हणजे काय हो?' असं विचारायची समोरच्याची छातीच होत नाही. कुणी विचारलंच, तर पंचाईत आमची. जर्मनीशी आपलं नेमकं नातं काय, याचा उलगडा आजवर चहाच्या टपरीवरही झालेला नव्हता. २०२५च्या डिसेंबरात तो आमच्या सेलूत झाला. ख्रिसमसचं झाड घरात आणून सजवायची पद्धत मूळची जर्मनीची. ते झाड खरं आणावं की खोटं, यावर रात्री साडेनऊपर्यंत सभा चालवायची पद्धत आमची.

सभा एका इंग्रजी शाळेतली. नाव कशाला सांगू? या शाळांच्या नावात 'इंटरनॅशनल' असतं आणि वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये असतात, एवढ्यावर ओळख पटत असेल तर पटवून घ्या. विषय एकच होता : नाताळनिमित्त झाड, खरे की कृत्रिम.

अध्यक्षसाहेब कृत्रिमच्या पक्षाचे. त्यांनी मोबाइलवर सहा फुटी झाड दाखवलं. पीव्हीसीचं. तीन तुकड्यांत येतं, लोखंडी तिपाईवर उभं राहतं, सण सरला की घडी करून खोक्यात. 'आणि मेन म्हणजे,' अध्यक्ष म्हणाले, 'पाणी लागत नाही.' झालं! निम्न दुधनाचं धरण उशाशी असूनही उन्हाळ्यात टँकरवाल्याचा नंबर ज्या गावाला तोंडपाठ, तिथं 'पाणी लागत नाही' याहून मोठं शुभलक्षण कोणत्या झाडाचं? अर्धी सभा तिथंच फितूर झाली.

पण विज्ञानाचे सर उठले. हे सर दर वर्षी उठतात. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्टचा हिशेब त्यांनी फळ्यावर मांडला. दोन मीटरच्या कृत्रिम झाडापोटी साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइडचा बोजा. तेवढंच खरं झाड सणानंतर जाळलं किंवा त्याचा भुसा केला तर साडेतीन किलो, कचरा डेपोत कुजू दिलं तर १६. म्हणजे प्लॅस्टिकचं झाड दहाएक वर्षं वापरलं, तर कुठं फिटंफाट.

'सर, दहा वर्षं म्हणताव,' मागून एक पालक म्हणाले, 'पण शाळेची मान्यता कवापर्यंत हाय?'

अध्यक्षांनी हा प्रश्न विषयपत्रिकेबाहेरचा ठरवला.

मग खऱ्या झाडाची चौकशी सुरू झाली, आणि तिथं खरा गोंधळ उडाला. युरोपातलं अस्सल झाड म्हणजे स्प्रूस नाही तर फर. माणसाएवढं व्हायला आठ-दहा वर्षं घेतं आणि त्याला थंडी लागते. थंडी आमच्याकडं आहे. डिसेंबरात परभणीचा पारा असा घसरतो, की मुंबईच्या वर्तमानपत्रांना आमचा जिल्हा आठवतो. पण मे महिन्यात तोच पारा चाळिशी ओलांडून वर बसतो, त्याचं काय? तेव्हा फर बाद. मग नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत मिळतं ते घ्यावं, असं ठरत आलं. सरांनी पुन्हा हात वर केला. ते झाड अरोकॅरिया. त्याचं माहेर दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवर. जर्मनीशी त्याचं दूरचंही सोयरसुतक नाही. म्हणजे खरं म्हणून आणायचं, तेही डुप्लिकेटच.

उलट खोट्या झाडाचं घराणं अस्सल निघालं! एकोणिसाव्या शतकात झाडतोडीनं जंगलं विरळ होऊ लागली, तेव्हा जर्मनांनीच हंसाची पिसं हिरवी रंगवून, तारेला गुंडाळून पहिली नकली झाडं उभी केली. पुढं १९३०च्या सुमारास ॲडिस नावाच्या ब्रश कंपनीनं संडासाचे ब्रश वळायच्या यंत्रावरच झाडं वळली, असंही सांगतात. ही माहिती ऐकून अध्यक्षांनी मोबाइलवरचं चित्र बोटांनी मोठं केलं, निरखून पाहिलं, आणि मोबाइल खिशात घातला.

खरं सांगायचं तर खऱ्या-खोट्याच्या या व्यवहारात आपल्याला कुणी शिकवावं, असं काही उरलेलं नाही. दसऱ्याला आपट्याच्या नावावर कांचनाची पानं बिनबोभाट लुटली जातात. वडापर्यंत चालत जायला नको म्हणून वटपौर्णिमेला वडाची फांदीच दारात येते, आणि त्या फांदीला सात जन्मांचं साकडं घालतात. तिचा स्वतःचा जन्म दुसऱ्या दिवशी घंटागाडीत संपतो. दारावरचं तोरण तर बारमाही प्लॅस्टिकचं. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात सरकारनं प्लॅस्टिकच्या फुलांवर बंदी आणण्याची भाषा केली. ती ऐकून बाजारातला प्लॅस्टिकचा झेंडू जरासुद्धा कोमेजला नाही. त्याला ते येतच नाही.

शिवाय जर्मनांना सुचलं नाही असं तिसरं वाण आपल्याकडं आहे : कागदावरचं झाड. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य होतं. ३३ कोटी हा आकडा कुठून आला असावा, ते सुज्ञांना सांगायला नको. देव जसे आहेत पण दिसत नाहीत, तशीच त्यातली बरीच झाडं. पुढं या लागवडीच्या चौकशीला विधिमंडळाची समिती नेमली गेली. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांच्या पंगतीत आमचं परभणी आजही मांडी ठोकून बसलेलं आहे, पण अहवालातली सावली इतकी दाट, की कार्यालयात दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते. बरं, कागदी झाडाला पाणी नको, तिपाई नको, आणि त्याचा कार्बनही शाईपुरता. कार्बन ट्रस्टवाल्यांनी एकदा हे वाण तपासून पाहावं.

जी रोपं खरोखर लागतात, त्यांचं काय होतं? बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात नाताळनंतर न विकली गेलेली झाडं हत्तींना खाऊ घालतात, आणि त्याचे फोटो जगभर छापून येतात. आमच्याकडं ही योजना कितीतरी जुनी आहे. फक्त हत्तीऐवजी शेळी असते, आणि ती सण संपायची वाट पाहत नाही. पाहुण्यांची जीप वळली, की रोप गेलं.

असो. झाडाचा तिढा सुटेना, तेव्हा सभेनं सोपा विषय घेतला : बर्फ. झाडावर बर्फ पाहिजेच. सेलूत बर्फ म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे सेलूत घरोघरी. बाईंनी मुलांच्या डायरीत आधीच लिहून दिलं होतं, 'ब्रिंग कॉटन फॉर स्नो'. दुसरीतलं एक पोरगं दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून घेऊन आलं. घरात वेचणीचा ढीगच पडलेला होता. माय-बाप हमीभावाची वाट बघत बसलेले, पोरानं त्यातला हातभर ओढला. बाईंनी झाडाच्या चित्रावर तो चिकटवायला घेतला, तर बोटाला टोचायला लागलं. बर्फात सरकी निघाली! सरकी, वर पऱ्हाटीच्या वाळल्या पानाचा चुरा, आणि एक बोंडअळीही, मेलेली. 'असा मळका नको, स्वच्छ पांढरा आण,' बाई म्हणाल्या. संध्याकाळी त्याचा शेतकरी बाप मेडिकलवर गेला आणि निळ्या कागदात गुंडाळलेला कापसाचा रोल विकत घेऊन आला. पिकवला तो त्यानं, पिंजला दुसऱ्यानं, आणि बर्फ म्हणून विकत घेतला पुन्हा त्यानंच.

या शेतकऱ्याला सभेत बोलायला दिलं, तेव्हा कळलं की खऱ्या-खोट्याच्या वादात सगळ्यात जास्त अनुभव त्याचा आहे. २०२५-२६च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल होता. हा झाला कृत्रिम भाव. दिसायला छान, खोक्यावर छापलेला. खरा भाव म्हणजे व्यापारी गाडीजवळ येऊन, मुठीत कापूस दाबून, तोंड वाकडं करून सांगतो तो. हमीभावानं विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणा. त्यात केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५मध्ये उठवलं, ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे परदेशी बर्फ बिनशुल्क आत येत होता, आणि देशी बर्फ ओला म्हणून केंद्रावरून माघारी जात होता. 'आमच्या बर्फाला ओल असतीया साहेब,' तो म्हणाला, 'सप्टेंबरात पाऊसच तसा झाला.'

सभा दोन मिनिटं गप्प होती. मग अल्पोपाहार आला.

ज्यांचा हा सण, त्यांना या सगळ्यात कुणी विचारलं नव्हतं. सेलूहून गाडीत बसलं, परतूर ओलांडलं, की पुढं जालना. तिथं जवळच रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. म्हणजे पीव्हीसीचं झाड बाजारात यायच्या कितीतरी आधीपासून मराठवाड्यात नाताळ आहे. दारावर कागदाची चांदणी, चर्चमध्ये मराठीतून उपासना आणि शेजाऱ्यांकडं करंज्यांचं ताट, एवढ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या पार पडलेला आहे. झाड असलं तर असलं. पण हे सभेत सांगितलं असतं, तर मग आपण साडेनऊपर्यंत बसलो कशाला, असा प्रश्न आला असता.

शेवटी तोडगा काढला तो शाळेच्या कारकुनानं. मुरलेला माणूस. तो म्हणाला, साहेब, प्लॅस्टिकचंच घ्या. दहा वर्षं वापरायची अट आहे ना? एका वर्षात फेडून टाकू. डिसेंबरात ख्रिसमस. पाच जूनला पर्यावरण दिन. मग 'एक पेड माँ के नाम', त्याला फोटो टाकला की सर्टिफिकेट निघतं. जुलैत वनमहोत्सव, सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं वृक्षारोपण, शिवाय एखाद्या साहेबांचा वाढदिवस. प्रत्येक वेळी खड्ड्यात उभं करायचं, पाणी घातल्यासारखं करायचं, फोटो काढायचा आणि घडी घालून खोक्यात. वर्षभर हिरवंगार. शेळी तोंड लावणार नाही.

टाळ्या पडल्या. विज्ञानाचे सर तेवढे पुन्हा उठले. म्हणाले, 'अहो, आता फोटोत लोकेशन येतं. दर वेळी एकच जागा दिसली तर वरून विचारणा होईल.'

'कामून होईल?' कारकून म्हणाला. 'खड्डा पाच वर्षं झाली तोच हाय. आता लोकेशन बदललं, तरच विचारतील.'