सीडीकाका

सुरतेजवळच्या आमच्या चलथाणच्या वसाहतीत त्यांना सीडीकाका म्हणतात, आणि या उपाधीच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत दोन पक्ष आहेत. गुजराती शेजाऱ्यांच्या भाषेत सीडी म्हणजे जिना. आणि ज्या इंग्रजी गाण्यापायी काकांनी स्वतःच्या आयुष्याची सुमारे पंचेचाळीस व शेजाऱ्यांच्या आयुष्याची सुमारे सतरा वर्षे खर्ची घातली, त्या गाण्याच्या नावातच स्वर्गाला जाणारा जिना असल्यामुळे काकांचे नाव त्यावरून पडले, असे ज्येष्ठ मंडळी मानतात. काका बोलता बोलता उठून कपाटातून जी चकचकीत तबकडी काढतात, तिच्यावरून ते पडले, असा पोरांचा पक्ष आहे. काका तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही, हा माझा स्वतःचा पुरावा मी दोन्ही पक्षांपुढे ठेवला होता. परंतु तो दाखल करून घेतला गेला नाही.

गाणे लेड झेपेलिन या चार इंग्रजांच्या वाद्यवृंदाचे, १९७१ च्या नोव्हेंबरातले, आणि लांबीने आठ मिनिटांचे. आरंभी नुसती गिटार, मग बासरीसारखे काही तरी (त्याला बासरी म्हणण्याचा प्रमाद माझ्याकडून एकदा घडला, तेव्हा ‘रेकॉर्डर म्हणतात त्याला, रेकॉर्डर, आणि एक नव्हे, अनेक, एकावर एक चढवलेले’ असे मला दोन मजले उतरेपर्यंत ऐकावे लागले), मग सावकाश गळा, आणि ढोल म्हणाल तर चार मिनिटे उलटून गेल्याशिवाय त्याचा पत्ता नाही. नंतर लय चढत जाते, गिटारीचा तो सुप्रसिद्ध तुकडा येतो, गायक वरच्या पट्टीत ओरडतो, आणि शेवटी सगळे थांबून एकटा गळा उरतो. आपल्याकडे विलंबित ख्यालातून द्रुतात उतरायला गवई जो अर्धापाऊण तास घेतो, तेच काम या मंडळींनी आठ मिनिटांत उरकले, असे मी कौतुकाने म्हणालो, तर ‘उरकले’ या क्रियापदावरून काका माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

काका एकटे नाहीत. दादरला, डेक्कन जिमखान्यावर, नाशकात, बेळगावच्या टिळकवाडीत, साठीच्या अलीकडे-पलीकडे असलेली ही जमात विखुरलेली आहे. आणि एरवी पेन्शनीचे कागद, गुडघे व नातवंडांचे प्रवेश यांत मग्न असलेल्या या सद्गृहस्थांना ओळखण्याची खूण अगदी सोपी असते. कुठल्याही चहाच्या दुकानात रेडिओवर गिटारीचे चार स्वर वाजले की ते कप खाली ठेवतात, डोळे मिटतात, आणि ते गाणे ‘ते’ नव्हे असे कळल्यावर फसवणुकीची फिर्याद गुदरल्याच्या चेहऱ्याने कप पुन्हा उचलतात. ‘तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलंत?’ असे ते आपणास विचारतात, ते आपले उत्तर ऐकण्यासाठी नव्हे, हे शहाण्याने ओळखून तोच प्रश्न तत्काळ उलट करावा. गाण्याचा अर्थ मात्र विचारू नये. तो त्यांनाही ठाऊक नसतो. आणि खुद्द गायक रॉबर्ट प्लांट हेच पुढे पुढे त्या गाण्याबाबत कुरकुर करू लागले, ही वार्ता त्यांच्यासमोर काढणे म्हणजे वारकऱ्याला पंढरपूरच्या वाटेवरील खड्ड्यांची जंत्री देण्यासारखे आहे.

आमचे काका मूळचे अमळनेरचे. १९७२ साली हेच रॉबर्ट प्लांट व त्यांचे गिटारवाले जिमी पेज मुंबईत उतरले, आपल्याकडच्या वादकांना हाताशी घेऊन त्यांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या नाचघरात एका रात्री वाजवलेसुद्धा. आणि काका त्या वेळी अमळनेरात पाढे म्हणत होते. ‘तापी लाइनीच्या एका गाडीचा प्रश्न होता हो!’ असे ते आजही म्हणतात. बारा वर्षांच्या मुलाला रात्री नाचघरात कोणी घेतले असते, हा मुद्दा त्यांच्या कैफियतीत येत नाही.

गाणे त्यांना भेटले ते १९७८ मध्ये, माटुंग्याला व्हीजेटीआयच्या वसतिगृहात, कापड-विद्येच्या पदविकेच्या पहिल्या वर्षी. काळ्या घोड्यापाशी रिदम हाउस नावाचे दुकान होते, जिथे काचेच्या खोलीत उभे राहून तबकडी फुकट ऐकता येई आणि न घेता परतता येई. काका या दुसऱ्या सवलतीचा लाभ नियमाने घेत. अखेर एका मित्राने त्यांना त्या तबकडीची पहिली बाजू कॅसेटवर उतरवून दिली. कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. परंतु त्या बाजूच्या आरंभी मित्राच्या वडिलांनी भीमसेन जोशींचे अभंग धरून ठेवलेले असून ती दहा मिनिटे पुसण्यास घरची सक्त मनाई होती. उरलेल्या वीस मिनिटांत साडेबावीस मिनिटांचे संगीत बसवण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याचा परिणाम जो व्हायचा तो झाला. अभंग, मग तीन इंग्रजी गाणी, मग हे चौथे, जिन्याचे, आणि ते साडेपाच मिनिटांवर येऊन, लय चढलेली, गिटारीचा सुप्रसिद्ध तुकडा आता सुरू होणार अशा ऐन घटकेला खट्! बटण वर.

म्हणजे ज्या तुकड्यासाठी जगभरचे भाविक या गाण्याला शरण जातात, तो तुकडा आमच्या काकांनी तारुण्यात ऐकलाच नाही. त्यांनी प्रेम केले ते साडेपाच मिनिटांवर, आणि इतक्या निष्ठेने केले, की नव्वदीच्या दशकात पगार बरा झाल्यावर तबकडी विकत आणून त्यांनी गाणे प्रथमच समग्र ऐकले, तेव्हा (त्यांच्या पत्नीची, म्हणजे आमच्या वहिनींची, साक्ष आहे) ते बराच वेळ निश्चल बसून राहिले आणि मग म्हणाले, ‘हे मध्ये कोणी घातलं?’

मुंबईच्या गिरणीतली नोकरी जेमतेम रुळते आहे तोच १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. तो ज्यांनी पाहिला त्यांना त्याविषयी सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना या लेखात सांगून पुरायचे नाही. लाखो माणसांबरोबर काकाही मोकळे झाले, आणि कृत्रिम धाग्याच्या कापडावर वाढत चाललेल्या सुरतेने इतर पुष्कळ मराठी माणसांप्रमाणे त्यांनाही पदरात घेतले. ते आले फ्लाइंग राणीने, जिला तेव्हा नुकतेच दुमजली डबे लागले होते. आणि जागा न मिळाल्यामुळे मुंबई ते सुरत हा प्रवास त्यांनी त्या डब्याच्या जिन्यावर बसून केला. हा योगायोग ते ज्या गांभीर्याने सांगतात, त्यावरून ऐकणाऱ्यास असे वाटावे की रेल्वे खात्याने तो जिना याच हेतूने मंजूर करून घेतला होता.

रंगाई-छपाईच्या गिरणीत डाईंग मास्टर म्हणून काकांनी तीस वर्षे काढली, आणि गाण्याविषयीचे त्यांचे एकमेव शहाणपणाचे भाष्य मला या धंद्यातूनच आलेले दिसते. पॉलिएस्टरला रंग चढवायचा तर कापड जेट नावाच्या यंत्रात घालून पाणी दाबाखाली एकशे तीस अंशांपर्यंत न्यावे लागते. परंतु ते मिनिटाला एक-दोन अंशांनी, सबुरीने. नवखा कारागीर घाई करतो, उष्णता भराभर चढवतो, आणि ताग्यावर डाग उमटतात. मग मालक ओरडतो, आणि माल पुन्हा धुवायला जातो. ‘ढोल चार मिनिटं का येत नाही, ठाऊक आहे?’ काका विचारतात, आणि उत्तर स्वतःच देतात : ‘अंश चढवतायत. आधी आणला असता तर डाग पडले असते.’ संगीतसमीक्षेची पुष्कळ पुस्तके मी चाळली आहेत. इतके नेमके वाक्य मला त्यांत आढळलेले नाही.

२००६ च्या ऑगस्टात तापीला महापूर आला तेव्हा हे कुटुंब सुरतेत अडाजणला तळमजल्यावर राहत होते. पाणी खिडकीशी आले त्या धांदलीत काकांनी गच्चीवर वाहून नेला तो टेपरेकॉर्डर, आणि वहिनींनी नेला तो रेशनकार्डाचा, विम्याच्या कागदांचा व दागिन्यांचा डबा. वर गेल्यावर काकांच्या ध्यानात आले की कॅसेट खालीच राहिली; ते परत निघाले, लोकांनी त्यांना धरले, आणि त्या ओढाताणीत वहिनींनी डबा उघडून कॅसेट त्यांच्या हातावर ठेवली. काकांचा कंठ दाटला. ‘माझ्यासाठी आणलीस?’ वहिनी म्हणाल्या, ‘देवाचं आहे ना त्यावर सुरुवातीला.’ पुढच्या वर्षी मंडळींनी चलथाणला तिसरा मजला घेतला.

चलथाण हे गाव साखरेचे. हंगाम सुरू झाला की मळीच्या वासाने हवा जड होते आणि डांग, नंदुरबार, धुळे या बाजूंनी आलेले कोयतेकरी उसाच्या मोळ्या पाठीवर घेऊन वाटेवर दिसू लागतात. काकांच्या बैठकीत चोरबाजारातून आणलेले त्या तबकडीचे जुने वेष्टन चौकटीत लावलेले आहे, आणि योग असा की त्यावर पाठीवर काटक्यांचा मोठा भारा घेऊन वाकलेला एक दाढीवाला म्हातारा उभा आहे. अमळनेरहून आलेल्या चुलत्याने ते निरखून ‘हाऊ आपला कोन गावना?’ असे विचारले, तेव्हा काका दुखावले. पण पुढे २०२३ मध्ये तो म्हातारा १८९२ सालच्या एका छायाचित्रातला, विल्टशर परगण्यातला गवती छपरे शाकारणारा लॉट लाँग नावाचा मजूर असल्याचे उघडकीस आले, आणि चुलत्याचा अंदाज गावाव्यतिरिक्त बरोबर ठरला.

काकांच्या निष्ठेची खरी परीक्षा कोर्टात झाली. या गाण्याचा आरंभ स्पिरिट नावाच्या दुसऱ्या एका मंडळीच्या तुकड्यावरून उचलला, असा दावा २०१४ साली अमेरिकेत दाखल झाला. काकांनी दप्तर उघडले. २०१६ च्या जूनमध्ये ज्यूरीने आरोप फेटाळला, २०१८ मध्ये अपिलात फेरसुनावणीचा हुकूम झाला (या मुदतीत काकांचा रक्तदाब दोनदा मोजावा लागला), २०२० च्या मार्चमध्ये तो हुकूम फिरला, आणि ऑक्टोबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हात घालण्यास नकार दिल्यावर काकांनी साऱ्या वसाहतीत घारी वाटली. सुरतेत घारी ही मिठाई म्हणजे चंदी पडव्याचा सण. आणि चंदी पडव्याला तर अजून तीन-साडेतीन आठवडे होते. मात्र त्या वर्षी अधिक आश्विन चालू असल्यामुळे मराठी कुटुंबांनी ते अधिकाचे वाण समजून घेतले, आणि दोघा-तिघांनी काकांना जावई म्हणून दक्षिणाही दिली.

वहिनींना या गाण्याचा तिरस्कार आहे असा लोकांचा समज आहे. तो निराधार आहे. त्यांना ते काकांपेक्षा जास्त येते. गळा सुरू झाला की आधण ठेवायचे, ढोल आला की चहा गाळायचा, आणि गायक ओरडू लागला की कुकरखालचा गॅस बंद करायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता असून त्यांच्या स्वयंपाकघरात घड्याळ नाही.

दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात सांस्कृतिक समितीचे अध्यक्षपद काकांकडे आले, आणि जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात ही आठ मिनिटे विनाखंड वाजतील असा ठराव त्यांनी हजर सभासदांच्या अज्ञानाचा फायदा घेऊन मंजूर करवला. प्रत्यक्ष गाण्यापूर्वी त्यांनी अकरा मिनिटांचे प्रास्ताविक केले, ज्यात पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तल्या नंदू भेंडे यांचा दाखला देऊन रॉक हे मराठी प्रकृतीस परके नाही असे सिद्ध केले. मग तबकडी लागली. बायका वाती वळू लागल्या, पुरुष मोबाइलात शिरले, आणि दोन मिनिटांनी पहिल्या रांगेतल्या एका पोराने मोठ्याने विचारले, ‘काका, ढोल क्यारे आवशे?’

‘आवशे, बेटा, आवशे,’ काका तर्जनी उभारून म्हणाले.

आणि आला. चार मिनिटांनी आला. आणि ज्या पोरांनी जन्मात लेड झेपेलिनचे नाव ऐकले नव्हते ती उठली, त्यांनी गोल धरला, आणि टाळ्या देत मंडपात चक्क गरबा सुरू केला. लय चढली तशी पोरेही चढली. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. एवढ्यात सेक्रेटरींनी घड्याळ पाहिले. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आरती राहिलेली. त्यांनी हात लांबवून यंत्राचे बटण दाबले. खट्!

आता काका राजीनामा देणार, या अपेक्षेने आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहिले. काकांचा उजवा हात आपसूक हवेत उचलला गेला होता, कॅसेट काढून उलटी घालायला उचलावा तसा. ‘बरोबर,’ ते हळूच म्हणाले, ‘इथंच संपायचं.’ आणि तबकाकडे वळून त्यांनी निरांजन लावले.

पुढे एकदा मी वहिनींकडे हा प्रसंग काढला. त्या म्हणाल्या, त्यात नवल काही नाही. घरात कोणी नसले की ते नेहमी तिथेच बंद करतात. पुढची अडीच मिनिटे पाहुण्यांसाठी आहेत.