आमच्या घरची पाणबुडी

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने १,१०० च्या वर पाणबुड्या बांधल्या. त्यांतल्या निम्म्या तरी शिरोड्याला येऊन गेल्या असाव्यात, असं आमच्या गावच्या ओसऱ्यांवर बसलं की वाटतं. वेळागरापासून रेडीपर्यंत ज्या घराला राखणदार आहे आणि कोर्टात दावा आहे, त्या घराला पाणबुडीही आहे. नसली तर ते घर अलीकडचं समजावं.

शेजारच्या घरची पाणबुडी रापणीत लागली. पन्नास-साठ माणसं दोर ओढत होती. वजन लागलं तसे, आज बांगडा भरपूर, म्हणून सगळे खुशीत. मग जाळं उलट समुद्राकडे जायला लागलं. शेवटी कप्तान वर आला, त्याने हात जोडले आणि सुटकेच्या बदल्यात एक सुरी देऊन गेला. सुरी अजून त्या घरात आहे, फणस कापताना बाहेर काढतात. पात्यावर ‘शेफिल्ड’ असं कोरलेलं आहे. शेफिल्ड इंग्लंडात येतं, हा विषय आम्ही कधी काढत नाही. आपण त्यांच्या पाणबुडीत शिरलो की ते आपल्या पाणबुडीत शिरणार.

वरच्या वाडीतल्या पाणबुडीत तर सुभाषबाबू होते. जर्मन यू-१८० मधून जपानी आय-२९ मध्ये ते २८ एप्रिल १९४३ ला गेले, एवढं खरं. पण हा प्रकार मादागास्करच्या बाजूच्या समुद्रात झाला आणि तिथून ते सुमात्राकडे गेले. हे मी एकदा नकाशा घेऊन समजावलं. वरच्या वाडीचं म्हणणं, वाटेत चहाला थांबले असतील.

आमची पाणबुडी आजोबांची. १९४३ चा शिमगा जवळ आला होता, अमावस्या सरून दोन-तीन रात्री झाल्या होत्या. आजोबा तेरेखोलकडून होडीने परत येत होते. होडीत शहाळी होती. घरच्या आगरात माड असताना रात्रीच्या वेळी पोर्तुगीज हद्दीतून शहाळी का आणावी लागत होती, हा प्रश्न घरात फक्त आजीने विचारला आणि उत्तरही तिनेच दिलं. तिच्या मते शहाळ्यांच्या खाली बाटल्या होत्या आणि पाणबुडी त्यांतल्याच एकीतून वर आली.

तर पाणी उकळल्यासारखं झालं, काळी पाठ वर आली. आजोबांना वाटलं देवमासा. मग देवमाशाच्या पाठीचं झाकण उघडलं आणि विडी ओढत एक गोरा माणूस बाहेर आला. दुसरा कोणी असता तर वेतोबाचं नाव घेऊन पाण्यात उडी टाकता. आजोबांनी भाव सांगितला. शहाळ्याला दोन आणे. जर्मनाने एक बोट दाखवलं. आजोबांनी वल्हं उचललं. जर्मनाने ‘थांब थांब’ असं केलं. (कोकणीत की जर्मनमध्ये, हे आम्ही लहानपणी विचारलं होतं. “गिऱ्हाईक खयच्याय भाषेत थांबच म्हणता,” असं उत्तर मिळालं.) दीड आण्यावर सौदा ठरला. आत्याच्या लग्नात ही शहाळी दोन डझन होती, माझ्या मुंजीपर्यंत शंभरावर गेली. बोलता बोलता एकदा दीडशे झाली, तेव्हा आजी म्हणाली, “होडी बुडात आता.” तेव्हा ती परत शंभरावर आली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जर्मनाकडे सुटे नव्हते. होतं तेवढं त्याने दिलं आणि राहिलेले साडेतीन रुपये पुढच्या खेपेला देतो म्हणाला. शहाळी वाढली, भाव बदलला, पण हे साडेतीन रुपये कधी हलले नाहीत. आमच्या घरात पुढची तीस वर्षं प्रत्येक अडलेला खर्च या साडेतीन रुपयांवर ढकलला गेला. कौलं बदलायची? जर्मन येऊ दे. थोरल्या काकांना सायकल हवी? जर्मन येऊ दे. हिटलर मेला ही बातमी घरात आली तेव्हा आजीने म्हणे पहिली चौकशी केली ती, आता वसुली कोणाकडून, ही.

मोठेपणी मी या सगळ्याच्या मागे लागलो, आणि लागल्यावर आमची पाणबुडी कुठून कुठून गळायला लागली. पहिली अडचण पाण्याची. तिकडून हिंदी महासागरात आलेल्या मोठ्या जातीच्या पाणबुड्या ७६ मीटरवर लांब असत आणि पाण्यावर तरंगतानाही त्यांना जवळजवळ पाच मीटर खोली लागे. आमच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी माणूस आत आत चालत जातो तरी छाती भिजत नाही. दुसरी अडचण तारखेची. जर्मनांची ‘मान्सून’ नावाची पाणबुड्यांची टोळी अरबी समुद्रात पोचली ती १९४३ च्या सप्टेंबरात, म्हणजे शिमगा जाऊन गणपती झाल्यावर. त्यातल्या यू-१६८ ने २ ऑक्टोबरला ‘हायचिंग’ नावाची ब्रिटिश बोट मुंबईच्या पश्चिमेला बुडवली. एवढ्या जवळ जर्मन खरोखर आले होते.

त्याआधी इकडे फिरत होत्या त्या जपानी. मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ ही उतारूंची बोट २३ नोव्हेंबर १९४२ ला अशाच एका पाणबुडीने फोडली, २८० माणसं गेली. फोडणारी तीच आय-२९, वरच्या वाडीतली. मुंबई बंदरात नोकरीला असलेले आमचे एक आजेमामा त्यानंतर कित्येक महिने समुद्राकडे पाठ करून जेवत असत, असं आत्या सांगते. ही गजाल मात्र तिने कधी वाढवून सांगितली नाही.

तर १९४३ च्या मार्चमध्ये जर्मन पाणबुडी आमच्या किनाऱ्याला नव्हती. पण आजोबांच्या गोष्टीला एक शेपूट होतं आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसे. सौदा झाला, पाणबुडी बुडाली, आजोबा किनाऱ्याला लागले आणि पहाटेकडे बघतात तर गोव्याच्या अंगाला आभाळ लाल! इथवर आलं की आम्ही उठून जायचो. पाणबुडी आम्हाला पटत होती, जर्मनाचं शहाळं पिणं पटत होतं, लाल आभाळ मात्र कोणालाच पटत नव्हतं. आजी म्हणायची, “डोळे लाल होते, आभाळ न्हय.”

१९८५ च्या आसपास थोरल्या काकांनी वेंगुर्ल्याहून भाड्याने व्हिडिओ आणला आणि त्यावर ‘द सी वुल्व्हज’ हा सिनेमा लावला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. आजोबा आरामखुर्चीत, आम्ही खाली.

गोष्ट खरी घडलेली. युद्ध सुरू झाल्यावर ‘एरेनफेल्स’, ‘द्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन जहाजं आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज पोर्तुगालच्या तटस्थ गोव्यात, मुरगावला आसरा घेऊन बसली होती. ‘एरेनफेल्स’वरून बिनतारी यंत्राने पाणबुड्यांना खबरा जातात असा इंग्रजांचा संशय. तटस्थ बंदरात फौज घुसवता येईना, म्हणून कामगिरी दिली कलकत्ता लाइट हॉर्सच्या हौशी मंडळींना. हे कलकत्त्यातले गोरे व्यापारी, पोटं सुटलेले, घोडदळाच्या नावाखाली मुख्यतः क्लबात बसणारे. ते आगगाडीने कोचीनला आले, तिथे ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या गबाळ्या बार्जवर चढले आणि ९ मार्चच्या पहाटे मुरगावात शिरले. गोव्यात तेव्हा कार्निव्हल चालू. ‘एरेनफेल्स’ पेटलं आणि बुडालं, त्याचा कप्तान मेला. बाकीच्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनी आपापली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. इंग्रजांनी याची वाच्यता केली नाही. जेम्स लीझरचं पुस्तक आलं १९७८ साली, तेव्हा ही हकीकत बाहेर आली. या शूरांना साधं पदकही मिळालं नाही.

मुरगाव शिरोड्यापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. पडद्यावर आगीचे लोळ उठले आणि काका ओरडले, “बाबानू! आभाळ लाल!” सगळ्या घराने आजीकडे बघितलं. चाळीस वर्षांची फेणी एका झटक्यात उतरली होती.

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पेटला असात मुरगावाक. पण ह्येंका ता दिसला बाटलेतसूनच.”

आजोबांना आनंद व्हायला हवा होता. ते सिनेमा संपेपर्यंत पुढे वाकून बसले होते. नावं सरकायला लागली तसे काकांवर चिडले. “हे सगळे गोरे इले नि गेले. शहाळी इकणारो खंय आसा? मी खंय आसंय ह्येच्यात?” काकांनी समजूत घातली की हा सिनेमा जहाजांचा आहे, पाणबुडीचा वेगळा निघेल. तो निघेपर्यंत आजोबा राहिले नाहीत, आणि व्हिडिओचं भाडं काकांनी त्यांच्याच खिशातून दिलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मध्यंतरी माझा चुलतभाऊ नोकरीला स्टुटगार्टला गेला. निघताना पाया पडला तेव्हा आत्याने आशीर्वादाबरोबर वसुलीही सोपवली. साडेतीन रुपये, दरसाल दर शेकडा बारा, चक्रवाढ, ऐंशी वर्षं. गडी इंजिनिअर, त्याने विमानतळावरच हिशेब केला : तीस हजारांच्या वर जातात. तिथे उपाहारगृहात त्याने ही गोष्ट हसत हसत एका जर्मन सहकाऱ्याला सांगितली. सहकारी हसला नाही. जर्मन पाणबुड्या दर फेरीची दैनंदिनी ठेवत, म्हणाला, कुठल्या तारखेला कुठे होतो, काय दिसलं, काय बुडवलं. पाणबुडीचा नंबर सांग, बघून घेऊ. नंबर कोणाकडे नव्हता, तरी त्याने रविवार घालवून त्या काळातल्या जमतील तेवढ्या नोंदी चाळल्या आणि सोमवारी अतिशय खेदाने कळवलं की शहाळ्यांचा उल्लेख कुठेही सापडला नाही.

भावाने फोनवर हे आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, “सापडात कसो? उधारी देणारो लिवन ठेवता. घेणारो कित्याक लिवात?”

“मग आजोबांनी लिहिलं होतं?”

“लिवलला तर. वाळवीन खाल्लां.”