भोकं जुळली म्हणजे झालं?

ज्या वाहनाचं नावच 'ऑल-टेरेन', म्हणजे चिखल, वाळू, बर्फ, दगडधोंडे यांपैकी कशालाच न जुमानणारं, त्याचा मालक हौसेने पहिली जोडवस्तू घेतो ती कोणती? ते रुतल्यावर ओढून काढायची विंच. यात विसंगती मुळीच नाही. डांबरी रस्ता न सोडणारी गाडी रुतणार तरी कशी? तो मान कुठेही जाणाऱ्यालाच मिळतो. अमेरिकेत मिनेसोटापासून अलास्कापर्यंत शेतकरी, शिकारी आणि निव्वळ हौशी मंडळी या ऑल-टेरेन गाडीच्या, म्हणजे एटीव्हीच्या, नाकाडावर ही विंच बसवतात. 12 व्होल्टची मोटर, तिला जोडलेले गियर, त्यांनी फिरणारा ड्रम, ड्रमवर पंधरा मीटरच्या आसपास दोर आणि दोराला आकडा. आपल्या रहाटाची ही विजेवर चालणारी नात, फक्त पाण्याऐवजी मालकालाच वर काढणारी. इथवर सगळं सरळ आहे. घोडं पेंड खातं ते सुट्या भागांपाशी. दोर झिजतो, मोटरची वीज चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर जळतो, दोराला वाट देणारा रोलर गंजतो. आणि नवा भाग आणायला गेलं की खोक्यावर एक शब्द हसतमुखाने उभा असतो: 'युनिव्हर्सल'.

या शब्दाचा प्रामाणिक अर्थ एवढाच, की बोल्टची भोकं जुळतील. तेही बहुधा. दोर ज्या चौकटीतून बाहेर येतो तिच्या भोकांमधलं अंतर एटीव्हीत साधारण 124 मिलिमीटर असतं, मोठ्या जीपगाड्यांत 254. म्हणजे 'युनिव्हर्सल'चं विश्वसुद्धा फाटकापाशी संपतं. पण समजा, भोकं जुळली. भोकं जुळणं म्हणजे फार तर दोन घरांचे पत्ते एकाच गल्लीतले निघणं. इथे पत्रिकेची उपमा देण्याचा मोह होतो, पण ती लंगडी आहे. पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जुळले तरी मांडव पडतो. विंचेत 35 जुळले, तर सगळा भार त्या छत्तिसाव्यावर येतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की एक भाग अधिक मजबूत आणल्याने विंच मजबूत होत नाही. आता मोडायची पाळी कुणाची, एवढंच त्याने बदलतं. आणि नवी पाळी येते ती बहुतेकदा अधिक महागड्या भागाची.

दोराचंच बघा. पोलादी तारदोर जड, हाताला कुसळं टोचवणारा, आणि ताणाखाली तुटला तर चाबकासारखा उलटणारा. म्हणून लोक कृत्रिम धाग्याचा दोर आणतात. तो तेवढ्याच ताकदीच्या तारेच्या मानाने अगदीच हलका, पाण्यावर तरंगणारा, रंगही लग्नातल्या फेट्यासारखा. निर्णय उत्तम. मग तो त्याच जुन्या रोलरांतून ओवला जातो, ज्यांच्यावर तारदोराने वर्षभर चरे पाडून ठेवलेत. त्या चऱ्यांच्या धारा नव्या दोराला किसणीसारख्या लागतात. म्हणून रोलर काढून गुळगुळीत ॲल्युमिनियमची चौकट लावावी, हे बरोबर. पण तीच चौकट देखणी दिसते म्हणून तारदोरापुढे लावली, तर मऊ ॲल्युमिनियमला तार खाचा पाडते. शिवाय हा धागा 150 अंश सेल्सिअसच्या अलीकडेपलीकडे वितळतो, आणि काही विंचांचा ब्रेक ड्रमच्या पोटातच असतो. भार धरून उतार उतरताना तो ड्रम तापला, की दोर आतल्या थरापासून शिजू लागतो, वरून अगदी टवटवीत दिसत. दोर आणि त्याची वाट जुळवायला आपल्याकडे मोट हाकणाऱ्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी जाड नाड्याला वरचं चाक आणि बारीक सोंदुराला खालचा कणा अशी वाटणी ठरलेली असे. नाडा कण्यावर घालून बघू, बसतोय का, असा प्रयोग करणाऱ्याला धावेवरच्या बैलांनीही वेड्यात काढलं असतं.

आता पहिला आक्षेप: एवढ्या भानगडी कशाला, सरळ मोठी विंच घ्यावी. मोठं घ्यावं, वाढत्या अंगाचं घ्यावं, हे तर आपल्या घरोघरचं तत्त्वज्ञान. पण हिशेब करा. गाडी, माणूस आणि सामान मिळून 500 किलो धरले, तर दीडपटीच्या रूढ नियमाने 750 किलोंची ओढ पुरते. बाजारातली 2500 पौंडी विंच 1134 किलो ओढते. चिखल चिकट निघाला तरी हाताशी शिल्लक राहते. हा आकडा ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या थराचा असतो. थर चढतील तशी ओढ घटते, म्हणून हौसेने दुप्पट लांबीचा दोर गुंडाळणारा पैसे मोजून ताकद कमी करून घेतो. 4500 पौंडी विंच लावली तर ती जड, आणि पूर्ण भाराला तिची विजेची भूकही मोठी. छोटी विंचसुद्धा पूर्ण भाराला शंभराहून जास्त अँपिअर मागते. एटीव्हीचं इंजिन वीज बनवतं त्याच्या अंशाने, बाकीचं बॅटरीतून. जुन्याच बारीक वायरी ठेवल्या तर व्होल्टेज वाटेतच गळतं, कॉन्टॅक्टरचे संपर्क तडतडतात आणि कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात. मग बटण सोडलं तरी विंच थांबत नाही. ओढायला आणलेल्या यंत्राला ओढणं थांबव म्हणून विनवणारा माणूस, याहून करुण दृश्य चिखलात दुसरं नसेल.

दुसरा आक्षेप अधिक शहाणा आहे: सगळे भाग एकाच कंपनीचे घ्या. फायदा होतो, नाकारत नाही. पण एकच कंपनी रुंद ड्रमची आणि अरुंद ड्रमची अशा दोन्ही विंचा बनवते, आणि त्यांच्या बैठकी वेगळ्या असतात. आडनाव एक म्हणून चपला एकमेकांच्या पायात बसत नाहीत. कप्पी त्याच कंपनीची आणली तरी भार सरकतोच. कप्पीतून दोर फिरवून आकडा गाडीलाच अडकवला की ओढ दुप्पट, वेग निम्मा. पण ज्या झाडाला कप्पी बांधली त्याच्या पट्ट्यावरही भार दुप्पट. कप्पी आणणारे पुष्कळ, पट्टा तपासणारे थोडे.

उरला तिसरा आक्षेप: वर्षातून दोनदा वापरायची वस्तू, तिचा इतका काथ्याकूट? हे बर्फाच्या मुलखात टिकत नाही. तिथे याच विंचेने गाडीपुढचं बर्फ सारायचं पातं उचलतात आणि टेकवतात, एकेका सकाळी कितीतरी वेळा, आणि दर वेळी झिजतो तो दोराचा तोच हातभर तुकडा. म्हणून जाणते लोक पात्यासाठी दोराऐवजी आखूड पट्टा जोडतात. तो झिजला की फेकायचा, दोर शाबूत. मला हाच विचार पटतो: मोडणार काय, हे आधी आपणच ठरवावं, आणि ते स्वस्त असावं. काही संचांत त्यासाठी सर्किट ब्रेकरही येतो. मोटर जळण्याआधी तो उडतो, ओढणं थांबतं, आणि मालकाला दहा मिनिटं सक्तीची विश्रांती मिळते. त्या दहा मिनिटांत तो बहुधा एकच गोष्ट ठरवतो: उद्या दुकानात जाऊन याहून मोठ्या अँपिअरचा ब्रेकर आणायचा. दुकानदाराकडे तो असतोच. युनिव्हर्सल.