बॅजराव

बॅजराव तुमच्या ओळखीचे आहेत. नाव वेगळं असेल, सोसायटी वेगळी असेल, पण लिंक्डइनवर ज्यांच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन देऊन इंग्रजी अक्षरांची मालगाडी उभी असते, आणि दर पंधरवड्याला कुठलातरी षटकोनी बॅज मिळाला म्हणून जे 'थ्रिल्ड' असतात, ते हेच. हे नाव त्यांना आमच्या सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं. त्यांच्या कानावर ते गेलेलं आहे. पुण्यात राहून बाजीरावांच्या इतक्या जवळ पोचता आलं याचं त्यांना मनातून बरंच वाटत असावं, असा माझा संशय आहे.

माणूस वाईट नाही, पण लिफ्टमध्ये भेटू नये. दार बंद झालं की ते सुरू होतात. "टेराफॉर्म झालं बरं का. आता कुबरनेटीस. मग दिवाळीनंतर सिक्युरिटी." काशी उरकलेला माणूस रामेश्वराचं तिकीट काढतो त्या सुरात. सातवा मजला येईपर्यंत परीक्षेची फी, प्रश्न किती, उत्तीर्ण व्हायला गुण किती, हे सगळं आपल्याला कळलेलं असतं. त्या तंत्राने नेमकं काय करतात, एवढंच राहून जातं.

बॅजरावांच्या आयुष्यातलं खरं दुःख म्हणजे मुदत. आमच्या वडिलांच्या बी.ए.च्या पदवीला बुरशी आली, पण मुदत संपली नाही. बॅजरावांच्या कागदांचं तसं नाही. एडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, सिस्कोचं सीसीएनए तीन वर्षं, मायक्रोसॉफ्टची अझुरची बरीचशी एकच वर्ष. कुबरनेटीसवाल्यांनी तर 2024 साली तिनाची दोन करून टाकली. बॅजरावांच्या घरी कालनिर्णयवर चतुर्थी-एकादशीच्या शेजारी या सगळ्या तारखा लाल पेनाने लिहिलेल्या असतात.

एकदा ते सकाळी सकाळी जिन्यात पडेल चेहऱ्याने उभे होते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय हो, काय झालं?"

"सिस्को एक्स्पायर झालं. काल रात्री बाराला."

सिस्को म्हणजे कोण हे काकूंना ठाऊक नव्हतं, पण यांचा कुणी गोव्याकडचा जुना मित्र असावा असं समजून त्या हळहळल्या. "अगंबाई! आजारी होते का?"

"आजारी कसलं! तीन वर्षं झाली होती. मीच लक्ष दिलं नाही हो शेवटी शेवटी."

एवढं ऐकल्यावर काकूंना राहवलं नाही. दुपारी त्यांच्याकडून बॅजरावांच्या घरी पिठलं-भात गेला. वहिनींनी, म्हणजे बॅजरावांच्या सौभाग्यवतींनी, काही न विचारता तो घेतला आणि त्या दिवसाचा स्वयंपाक वाचवला. तेव्हापासून प्रथा पडली. बॅजरावांचं काहीही एक्स्पायर झालं की सोसायटीतून पिठलं-भात जातो. 31 जानेवारी 2021 ला मायक्रोसॉफ्टने एमसीएसई ही जुनी खानदानी पदवीच कायमची बंद केली, तेव्हा तर करोनाचे दिवस असूनही दोन घरांतून पातेली आली. त्या आठवड्यात बॅजरावांनी दाढी केली नव्हती. ते म्हणतात, ऑफिस घरूनच होतं म्हणून.

या सगळ्यात एकच कागद अमर आहे. तो म्हणजे सन मायक्रोसिस्टीम्सचं जावा प्रोग्रामरचं प्रमाणपत्र. त्याला मुदतच नाही. गेली ती कंपनी. 2010 साली ओरॅकलने तिला गिळलं. देणारा गेला आणि दिलेलं राहिलं, म्हणून बॅजरावांनी ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय, आजोबांच्या फोटोशेजारी. काकूंनी एकदा दोघांनाही हार घातला होता.

प्रमाणपत्रांची ही भूक कुठून लागली, हे शोधायला मागे जावं लागतं. बॅजराव बी.एस्सी., तेही केमिस्ट्रीत. 1998 साली पदवी हातात आली तेव्हा पुण्यात प्रत्येक चौकात संगणकाचा क्लास होता आणि प्रत्येक क्लासच्या पाटीवर वायटूके होतं. सन 2000 उजाडलं की जगातली जुनी यंत्रं वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरून गोंधळणार, ती निस्तरायला कोबोल येणारी माणसं हवीत, आणि ती माणसं विमानात बसून अमेरिकेला जाणार, असा तो हिशेब. अनेक जण खरंच गेले. बॅजरावांनीही कोबोलला नाव घातलं. त्यांचा कोर्स 2000 च्या फेब्रुवारीत पूर्ण झाला.

तिथून जे पळणं सुरू झालं ते अजून चालू आहे. नेटवर्किंग आलं, जावा आली, टेस्टिंग आलं, क्लाउड आला. बॅजराव प्रत्येक गाडीला वेळेवर पोचले, फक्त गाडी सुटायच्या वेळेवर. मध्ये कुणीतरी सरकारी नोकरीची जाहिरात दाखवली, तिच्यात एमएस-सीआयटी हवं होतं. सीसीएनए झालेला हा गृहस्थ दहावीच्या पोरांच्या शेजारी बसून वर्डमध्ये अक्षर ठळक कसं करायचं याची परीक्षा देऊन आला. 98 गुण मिळाले. गेलेल्या दोन गुणांबद्दल ते अजून बोलतात.

आता परीक्षा घरूनही देता येते. त्याचा ताप घरच्यांना. कॅमेऱ्यातून परीक्षक खोली चारी बाजूंनी बघतो, टेबलावर काही नको, खोलीत कुणी यायचं नाही, आवाज नको. बॅजरावांना लहानपणापासून ओठ हलवत वाचायची सवय, रामरक्षेमुळे. पहिल्या दहा मिनिटांत पडद्यावर सूचना आली, कृपया ओठ हलवू नका. त्यांनी ओठ मिटले, आणि त्यांना काही वाचताच येईना. तेवढ्यात त्यांच्या मातोश्री "अरे, चहा गार होतोय" म्हणत आत आल्या आणि परीक्षा रद्द झाली. 150 डॉलर, वर कर. मिक्सर, कुकर आणि दिवाळीची एक साडी एवढ्या पैशात कशी बसते, याचा हिशेब वहिनींनी त्या संध्याकाळी तोंडी मांडला. काकूंचा पिठलं-भात या वेळी आला नाही. त्यांचं म्हणणं पडलं, की जन्मच झाला नाही तर कसलं सुतक?

मी हिंजवडीत एका कंपनीत आहे, त्यामुळे बॅजरावांचा माझ्यावर विशेष लोभ. लोभ म्हणजे रेफरल. दर काही महिन्यांनी त्यांचा बायोडेटा येतो, प्रत्येक वेळी एक पान वाढलेला. अनुभवाचा भाग मात्र शेवटच्या पानावर दोन ओळींत असतो: चाकणच्या एका छोट्या कारखान्यात सिस्टीम अॅडमिन, 2004 पासून. मी तो कंपनीच्या पोर्टलवर चढवतो. पोर्टल पहिल्यांदा विचारतं दहावीचे टक्के, मग बारावीचे. बारावीच्या रकान्यात 58 लिहिलं की यंत्र आभार मानून निरोप देतं. 'साठ टक्के थ्रूआउट', हा आमच्या धंद्यातला सोवळ्याचा नियम. 1995 सालच्या केमिस्ट्रीच्या पेपराला त्यांच्या अंगात ताप होता, असं वहिनी सांगतात. ते स्वतः कधी कारण सांगत नाहीत. मात्र मला हळूहळू उमगलं, की बायोडेटाची ती वाढलेली पानं त्या दोन टक्क्यांची भरपाई आहे. व्याजासकट.

एकदा एका लहान कंपनीने त्यांना मुलाखतीला बोलावलंच. समोर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. त्याने ओएसआयचे सात थर विचारले. बॅजरावांनी खालून वर आणि वरून खाली म्हणून दाखवले. पोर्ट क्रमांक विचारले. त्यांनी न विचारलेलेही सांगितले. मग मुलाने विचारलं, "सर, डिझास्टर रिकव्हरी कधी प्रत्यक्ष केलीय का?"

बॅजराव म्हणाले, "नाही. पण त्याचा कोर्स लावलाय."

हे त्यांनी मला मोठ्या प्रामाणिकपणे सांगितलं. गणपतीच्या आरतीला प्रसाद वाटता वाटता मी ते वहिनींना सांगितलं, तर त्या हातातलं ताट खाली ठेवून म्हणाल्या, "नाही म्हणाले? अहो, मग ती रात्र काय होती?" ती रात्र म्हणजे त्या चाकणच्या कारखान्यातली. महिनाअखेर, सर्व्हरची डिस्क गेलेली, पगाराचा सगळा हिशेब आत, आणि बॅकअपचं यंत्र मालकांनी खर्च नको म्हणून कधी घेतलेलंच नाही. बॅजराव मात्र रोज संध्याकाळी, कुणी न सांगता, एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून डब्याच्या पिशवीतून घरी आणत. रात्री अकराला ते ती डिस्क घेऊन मोटारसायकलवरून चाकणला गेले, जुन्या डेस्कटॉपवर सगळं नव्याने उभं केलं, आणि सकाळी पहिली पाळी आत शिरली तेव्हा पगारपत्रक छापून तयार होतं. उंदराने कुरतडलेल्या केबलींची टोकंही त्याच रात्री बदलली. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, अशा आठ तारांचा क्रम बोटांना पाठ, दिव्याची गरज नाही.

मी त्यांना गाठून विचारलं, "हे का नाही सांगितलंत त्या मुलाला?"

ते गोंधळले. "ते? ते तर काम होतं. त्याचं काही सर्टिफिकेट नाहीये माझ्याकडे."

मला पहिल्यांदा त्यांचा राग आला आणि पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल काहीतरी वाटलंही. हाताने केलेलं कंपन्या मोजत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. पण या माणसाला कंपन्यांनी इतक्या वेळा रकान्यात तपासलंय, की आता तो स्वतःच स्वतःचं पोर्टल झालाय. शिक्का नसलेलं जे काही असेल ते घडलंच नाही, असा त्याचा नियम.

आणि तरी, मनाविरुद्ध का होईना, एक कबूल करायला हवं. आमच्या बाजारात शिक्के विकतही मिळतात. ते विकणाऱ्या एका सल्लागाराने बॅजरावांना 'दोन वर्षांचा क्लाउडचा अनुभव' देऊ केला होता. पगारपत्रकं, रिलीव्हिंग लेटर, फोन आला तर उचलायला माणूस, सगळं त्यात. बॅजरावांनी त्याला विचारलं, "या अनुभवाची परीक्षा कधी असते?" परीक्षा नसते, फक्त पैसे असतात, हे कळल्यावर ते घरी निघून आले. नीती वगैरे मध्ये आली असं नाही. परीक्षेशिवाय कागद ही कल्पनाच त्यांना झेपली नाही. परिणाम मात्र असा, की त्यांच्या त्या लांबलचक बायोडेटात एकही ओळ खोटी नाही. मी रोज जे बायोडेटा बघतो त्यांच्याबद्दल मला हे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

सध्या चाकणचा कारखाना विकायला निघालाय. बॅजराव अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रमाणपत्राची तयारी करताहेत. दर वेळी बायोडेटाला जोडायला सांगूनही ती चाकणची रात्र त्यांनी घातली नाही, म्हणून शेवटी मीच अर्धं पान लिहून पहिल्या पानावर लावलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "याला प्रूफ काय जोडायचं?"

तुमच्यापैकी कुणी नोकरभरतीचं काम बघत असेल तर एवढं करा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या फॉर्ममधून बारावीचा रकाना काढा, आणि त्याला प्रमाणपत्रं विचारायच्या आधी त्याच्या घरच्यांना फोन करून विचारा, की एखादी रात्र आहे का सांगण्यासारखी. वहिनी फोन उचलतात.