तंबूतली एकादशी

अहो, ऐकलंत का? आमच्या वहिनी इंग्लंडातल्या रेडिंगमधलं चार खोल्यांचं घर, गरम पाण्याचे नळ आणि पाय रुततील असा गालिचा, सगळं कुलूपबंद करून एका शेतात झोपायला गेल्या! फुकट नव्हे, रात्रीचं भाडं मोजून. आपल्याकडे शेतावर राखणीला निजणाऱ्या गड्याला मालक पैसे देतो. तिकडे राखणदारच मालकाच्या हातावर पैसे ठेवतो, वर ‘थँक यू’ म्हणतो आणि पहाटे मेंढ्यांच्या ओरडण्याने जागा झाला की म्हणतो, ‘काय शांतता आहे!’

बरं, या एकट्याच असत्या तर गोष्ट घरातल्या घरात दाबली असती. पण तिकडे मे सरत आला की अख्ख्या आळीच्या अंगात येतं. गणपतीच्या वर्गणीसाठी काढलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मोदकांऐवजी तंबूच्या खुंट्यांची चर्चा. कुणाची गादी पंपाने फुगते, कुणाची आपोआप फुगते, कुणाची रात्री तीनला आपोआप बसते. सगळं जाहीर!

खरी खमंग गोष्ट पुढेच आहे. या तंबूवाल्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, कॅम्पिंग करावं तर ब्रिटनमध्येच. दुसरा म्हणतो, छे, इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला जावं. दोघंही एकमेकांच्या ताटात डोकावून नाकं मुरडतात. मला विचाराल तर पहिल्यांची एकादशी निर्जळी आणि दुसऱ्यांची फराळाची. आमच्या वहिनी दोन्ही करतात. जूनमध्ये निर्जळी आणि ऑगस्टमध्ये दुप्पट खाशी.

आधी निर्जळीचं ऐका. ठिकाण लेक डिस्ट्रिक्ट, इंग्लंडचा वायव्य कोपरा. डोंगर, तळी आणि पाऊस. त्यातल्या सीथवेट या वाडीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मुंबईपेक्षाही जास्त. मुंबईचा पाऊस निदान चार महिन्यांत उरकून घेतो. हा बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो. अशा मुलखात माणसं हौसेने कापडाच्या घरात राहायला जातात. मी फोन केला तेव्हा दादा ओरडून सांगत होता, ‘अगं, तसा पाऊस नाही, नुसती भुरभुर आहे!’ ओरडावं लागत होतं, कारण ती भुरभुर तंबूवर ताशा वाजवत होती. मागून वहिनींचा आवाज, ‘अरे, आधी तो खांब धर, मग बोल तिच्याशी!’

या पंथाचे नियम कडक. विजेची जोडणी घेतली की व्रत मोडलं. तळहाताएवढ्या गॅसच्या शेगडीवर, वाऱ्याकडे पाठ करून, वीस मिनिटांत एक कप चहा. समुद्रावर गेलात तर वाळूत कापडी आडोसा ठोकायचा आणि त्यामागे जाकीट घालून आइस्क्रीम खायचं. रात्री दोनला उठायची वेळ आली तर पायात रबरी बूट, कपाळाला बॅटरी, आणि संडास दीडशे पावलांवर. वाटेत मेंढी.

स्कॉटलंडला तर विचारूच नका. उन्हाळ्यात संध्याकाळी वारा पडला की मिज नावाची चिलटं ढगाने येतात. तिथे २००३ च्या जमीन कायद्यानं बहुतेक मोकळ्या रानात कुणालाही तंबू ठोकण्याचा हक्क दिलाय. चिलटांना तो आधीपासूनच होता. इंग्लंडमध्ये मालकाला न विचारता असा मुक्काम करायचा तर एक डार्टमूरचा माळ उरलाय. तिथल्या जमीनमालकांनी त्यालाही हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२५ मध्ये निकाल तंबूच्या बाजूने लागला. ओल्या गवतात झोपावं की नाही, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालय बसलं हो!

ही खोड आजची नाही. टॉमस हायरम होल्डिंग नावाचा लंडनचा एक शिंपी होता. कपडे शिवता शिवता त्याला तंबूचं वेड लागलं. १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना निघाली आणि १९०८ मध्ये त्याने कॅम्पिंगची पोथीच लिहून काढली. पुढच्याच वर्षी नॅशनल कॅम्पिंग क्लब निघाला, त्याचा पहिला अध्यक्ष कोण? कॅप्टन स्कॉट! तोच, दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये तंबूतच गारठून गेलेला. ज्या संप्रदायाचा आद्य अध्यक्ष असा, तिथे ‘गरम पाणी किती वाजता येतं हो?’ हे कुठल्या तोंडाने विचारणार?

त्यांचा ‘कॅरी ऑन कॅम्पिंग’ हा १९६९ चा गाजलेला विनोदी सिनेमा. पडद्यावर उन्हाळ्याची धमाल, पण चित्रीकरण झालं ऐन थंडीच्या तोंडावर. मैदानात चिखल झाला, म्हणून चिखलाला हिरवा रंग फवारला! खोट्या उन्हाळ्यात खरीखुरी कुडकुडणारी माणसं. ब्रिटिश कॅम्पिंगचं याहून प्रामाणिक चित्र दुसरं नसेल.

आता ऑगस्ट. तोच दादा, त्याच वहिनी, तोच तंबू. पोर्ट्समथहून रात्रीची बोट, सकाळी फ्रान्सच्या किनाऱ्यावर सां-मालो. या बोटी चालवणारी ब्रिटनी फेरीज कंपनी काढली कुणी, माहीत आहे? भाजी पिकवणाऱ्यांनी! फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या शेतकऱ्यांना आपला फ्लॉवर आणि आर्टिचोक इंग्लंडात खपवायचा होता. अलेक्सी गूर्वेनेक या शेतकरी पुढाऱ्याने सगळ्यांना एकत्र केलं आणि जानेवारी १९७३ मध्ये रॉस्कॉफ ते प्लिमथ अशी पहिली बोट सोडली. येताना बोट मोकळी कशाला, म्हणून इंग्रज भरले. तेव्हापासून फ्रान्समधून फ्लॉवर जातो आणि इंग्लंडातून फ्लॉवरसारखी पांढरी माणसं येतात. परतताना टोमॅटो होऊन जातात, एवढाच फरक. शिवाय कॅनव्हास हॉलिडेज ही कंपनी १९६५ मध्ये आणि युरोकँप १९७३ मध्ये निघाली. त्या तंबू आधीच उभारून, आत पलंग नि भांडीकुंडी मांडून पाहुण्यांची वाट बघू लागल्या. खुंटी ठोकायचेही कष्ट नकोत.

दादा-वहिनी गेले त्या किनाऱ्यावरच्या जिल्ह्याचं नाव व्हाँदे. आपल्या कानाला ‘वांदे’ ऐकू येतं, पण तिथे कसलेच वांदे नाहीत. फ्रान्समध्ये हॉटेलांसारखेच तंबूंच्या मैदानांनाही एक ते पाच तारे देतात. पंचतारांकित गवत! प्रत्येकाच्या जागेला हिरवं कुंपण, ऊन पाण्याचा तलाव, वळसेदार घसरगुंड्या, रात्री कराओके. साठीचे आजोबा संध्याकाळभर पेतांक खेळतात. पेतांक म्हणजे आपल्या गोट्याच, फक्त पोलादी आणि मुठीएवढ्या. आदल्या संध्याकाळी नाव नोंदवलं की सकाळी गरम बगेत आणि क्रोसाँ हजर. अनेक गावांत तर नगरपालिकाच नदीकाठी स्वस्तातलं कॅम्पिंग चालवते. आपली नगरपालिका तंबू दिसला की उचलायला येते, आणि यांची उशाशी नळ आणून देते!

आणि आता निम्म्यांना तंबूही नको. मोबिल-होम हवं. बसायची खोली, दोन बेडरूम, ओटा, फ्रीज. खाली चाकं असतात, पण ते वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. तरी चाकं काढायची नाहीत, कारण कायद्याने ते हलवता येण्याजोगं राहिलं पाहिजे. चाकं काढली की घर, ठेवली की कॅम्पिंग. साबुदाणा वड्याचं असंच आहे. तळा, दाण्याची चटणी लावा, चार हाणा, पण उपास शाबूत!

मात्र फराळातही खडे लागतात. वहिनींनी घरून तीन हजार वॅटची किटली नेली. तिथली जोडणी सहा अँपिअरची, म्हणजे जेमतेम चौदाशे वॅट. बटण दाबलं आणि खट्! सगळं गार. ‘काय हा मागासलेपणा!’ वहिनी कडाडल्या. या त्याच बाई बरं का, ज्यांनी जूनमध्ये शेजारच्या तंबूत विजेची किटली पाहून विचारलं होतं, ‘एवढंच होतं तर घरी का नाही बसले?’

आता कान जरा इकडे करा. पोरं जवळपास नाहीत ना? दादाला तलावावर अडवलं! फ्रान्समधल्या बहुतेक तलावांवर पुरुषांना सैल बर्म्युडा घालून पाण्यात उतरू देत नाहीत. स्वच्छतेच्या कारणासाठी आखूड, अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते. शिट्टी वाजली, चारचौघांत बोट दाखवलं गेलं. एरवी शर्टाचं वरचं बटणही न उघडणारा आमचा दादा, मैदानातल्या दुकानातून रुमालाएवढी चड्डी घेऊन परत आला. वहिनींनी त्यानंतर दोन दिवस काळा चष्मा काढला नाही. संडासाची निराळीच तऱ्हा. बऱ्याच ठिकाणी आत कागद नसतो. गुंडाळी काखेत मारून सगळ्यांदेखत चालत जावं लागतं. इंग्रज शेजारी हवालदिल. आमची माणसं शांत, सामानात तांब्या होता.

आणि सीमेवरची गंमत ऐका. ब्रिटन युरोपीय संघातून पुरता बाहेर पडला आणि २०२१ पासून प्रवाशांना घरचं दूध, चीज, हॅम फ्रान्सला नेता येईना. चहाला तिथलंच खोक्यातलं टिकाऊ दूध. त्यावर इंग्रजांची तोंडं अशी होतात, की कारल्याने लाजावं. एप्रिल २०२५ पासून उलट बाजूही बंद झाली. लाळ्या-खुरकुताच्या भीतीने ब्रिटनने तिकडचं मांस आणि चीज सामानातून आणायला मनाई केली. थोडक्यात काय, फराळ तिथेच संपवून यायचा, प्रसाद घरी आणायचा नाही.

आता तुम्ही विचाराल, एकाच तंबूच्या दोन देशांत अशा दोन तऱ्हा का? १९३६ साल पाहा. त्या वर्षी फ्रान्समध्ये पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता ती माणसं सायकली काढून निघाली. हॉटेल परवडत नव्हतं, म्हणून तंबू. तंबू गरिबाच्या सुट्टीचा होता. पुढे पैसे आले तशी सुट्टी तंबूतच सुखावत गेली, कुंपण तेच राहिलं. ‘कॅम्पिंग’ नावाचाच त्यांचा २००६ चा सिनेमा आहे. त्यातली माणसं दरवर्षी त्याच मैदानात, त्याच जागेवर येतात, आणि आपली जागा दुसऱ्याला गेली की जमिनीचा तंटा असल्यागत भांडतात. पन्नास लाखांहून जास्त तिकिटं खपली.

ब्रिटनमध्येही ते १९३६ सालच. तिथे बिली बटलिनने स्केग्नेसला सुट्टीची वसाहत उघडली. पक्क्या खोल्या, तयार जेवण, नाचगाणी. भरपगारी रजेचा कायदा दोन वर्षांनी आला, तोही एकाच आठवड्याचा. सुखाची आवड असलेले ब्रिटिश बटलिनकडे गेले आणि तंबूत उरले ते बालवीर, सायकलवाले आणि स्कॉटचे वारसदार. तिथे सुखाला वेगळी इमारत मिळाली, म्हणून तंबूत सुख आणलं की अजूनही चोरी वाटते. खाडी ओलांडली की ती चोरी राहत नाही, ‘त्यांची पद्धत’ होते. पाहुण्याच्या घरी उपास सोडावा लागतो ना, तसं.

तर माझा निकाल सांगते. फ्रान्सचं कॅम्पिंग हा उपास नव्हे, त्यामुळे ते करून आल्यावर चेहरा उपाशी ठेवू नये. खुशाल सांगावं, मजा केली, वडे हाणले. आणि ब्रिटनचं कॅम्पिंग हा खरा उपास आहे, तेव्हा तो करणाऱ्यांनी दुसऱ्याच्या किटलीकडे बघू नये. वहिनींनी पुढच्या वर्षीचं दोन्हीकडचं आरक्षण केलंय म्हणे, जूनमध्ये लेक डिस्ट्रिक्टला आठवडा, ऑगस्टमध्ये व्हाँदेला दोन. तुम्हीही निघणार असाल तर एवढंच ऐका: जूनला निघताना रबरी बूट विसरू नका, आणि ऑगस्टला निघताना लहान किटली न् आखूड चड्डी घरूनच घेऊन जा.